गोधडीतलं गणित : लुगडं राखण्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत

काठपदर (धागाकर्ती)

दुपारी भांडी आवरून बाई मांडीवर गोधडी घेते, तेव्हा घरातले म्हणतात, "ती जरा बसली आहे." त्या बसण्यात किती काम असतं ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा काढला आहे. रुखवतातली शोभेची गोधडी बाजूला ठेवू. रोज अंथरायची-पांघरायची, जुन्या सुती लुगड्यांची, हाताने धावदोरा घालून शिवलेली घरची गोधडी, एवढ्यावरच बोलू. बारकावे माहीत असणाऱ्यांनी भर घालावी.

कामाची सुरुवात कापड राखण्यापासून होते. लुगडं नेसण्यातून गेलं म्हणून लगेच गोधडीत जात नाही. आधी ते वाळवणाला लागतं, उन्हाळ्यात कुरडया नि सांडगे त्यावरच पडतात. घरात बाळंतीण असेल तर मऊ भागातून दुपटी आणि लंगोट निघतात. उरतं ते गोधडीला. आणि गोधडीही विरली की तिचं पोतेरं होतं. कुठलं कापड या वाटेवर कुठे थांबवायचं, हे ठरवण्यातच निम्मी अक्कल आहे.

कापड पारखायची रीत सोपी आहे. दोन्ही अंगठ्यांत धरून ताणायचं. नुसतं ताणलं गेलं तर ते वरच्या किंवा खालच्या थराला चालेल. धागे सरकून जाळी दिसली तर आतल्या थराला. टर्रकन फाटलं तर ठिगळालासुद्धा नको, कारण टाका घालताना सुईच्या भोकापासून ते पुन्हा फाटतं. नऊवारी सगळीकडे सारखी झिजत नाही. बसण्याचा आणि काष्ट्याचा भाग आधी विरतो, पदर आणि काठ शेवटपर्यंत टिकतात. म्हणून एका लुगड्याचे तुकडे एकावर एक जसेच्या तसे ठेवले तर विरलेली जागा विरलेल्या जागेवर येते आणि वर्षभरात तिथेच खड्डा पडतो. प्रत्येक थर उलटसुलट फिरवून ठेवायचा, म्हणजे एकाचा कमजोर भाग दुसऱ्याच्या धडक्या भागावर येतो.

आता हिशेब. सुती सहावारी साधारण साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब आणि ४५ इंच रुंद. एकेरी गोधडी ४५ बाय ८४ इंचांची धरली तर एका साडीत दोन थर निघतात आणि ४८ इंच उरतं. चार थरांना दोन साड्या. उरलेले दोन तुकडे गोटाला (कडेने लावायच्या पट्टीला) आणि ठिगळांना. घेर २५८ इंच होतो. जोड आणि कोपरे धरून २७० इंच गोट लागतो. ४८ इंची तुकड्यातून अडीच इंच रुंदीच्या सहा पट्ट्या कापल्या की काम भागतं.

दुहेरीला नऊवारी बरी. ३२४ इंचांचे ८१ इंचांचे चार तुकडे करायचे आणि दोन-दोन तुकडे लांबीत जोडायचे. एका लुगड्यात साधारण ८८ बाय ८१ चे दोन थर होतात. जोडाच्या शिवणी सगळ्या थरांत एकाच जागी येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर पाठीला वळ टोचतो. पहिल्या थराचा जोड मधोमध घेतला तर पुढच्या थरात तुकडे वेगळ्या रुंदीचे कापून जोड वीतभर सरकवायचा. शिवताना गोधडी दोन्ही बाजूंनी दोन-तीन बोटं आत ओढली जाते, तेही मापात आधीच धरायचं.

हाच हिशेब घराला लावून पाहा. आठ माणसांचं घर, माणशी एक अंथरायला आणि एक पांघरायला, चार पाहुण्यांच्या. वीस गोधड्या झाल्या. एका गोधडीला दोन साड्या म्हणजे चाळीस साड्या. घरातल्या बाईची वर्षाला दोन लुगडी झिजतात असं धरलं, तर एकटीच्या कपड्यातून एवढ्या गोधड्या व्हायला वीस वर्षं लागतात. सासूची लुगडी, घरधन्याची धोतरं, जावांची लुगडी धरली तर ते लवकर जमतं. मांडणीवरची गोधड्यांची चळत ही अशी वर्षानुवर्षांची राखण असते.

---

वैशाखऊन

धागा फार चांगला काढलात, काठपदर ताई. शिवायच्या आधीच्या धुण्याबद्दल भर घालते, कारण बहुतेक गोधड्या बिघडतात त्या तिथेच.

कापडात खळ राहता कामा नये. खळ असली की कसर लागते, पेटीत ठेवलेल्या गोधडीला वर्षभरात बारीक भोकं पडतात. कापड रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी साबण लावून चुबकायचं आणि बोटांना चिकटपणा लागेनासा होईपर्यंत खळबळायचं.

दुसरं म्हणजे रंग. लाल, गडद निळं आणि काळं कापड एकेक वेगळं भिजवायचं. ओल्या कापडाचा कोपरा पांढऱ्या चिंधीत पिळायचा. चिंधीला डाग लागला तर आणखी धुवायचं, चिंधी स्वच्छ निघेपर्यंत. मिठाच्या पाण्यात एकदा बुडवून रंग पक्का होतो यावर विसंबू नये.

आणि कोरं कापड जुन्यात मिसळू नये. जुनं कापड जेवढं आटायचं तेवढं आटून बसलेलं असतं, कोरं पहिल्या धुण्यात आटतं. मग सगळ्या गोधडीला चुण्या पडतात आणि त्या पुन्हा काढता येत नाहीत. अस्तराला कोरं मांजरपाट घ्यायचंच असेल तर गरम पाण्यातून दोनदा काढून, वाळवून मग कापावं.

हे काम चैत्र-वैशाखात करायचं कारण ऊन. शेतातलं काम त्या दिवसांत जरा सैल असतं आणि जमीन कोरडी असते. पण बाई रिकामी असते असं कुणी समजू नये. त्याच उन्हात पापड, शेवया, मसाला, वर्षाचं धान्य वाळवणं हे सगळं असतं. सकाळचं ऊन वाळवणाला जातं, गोधडीला दुपार उरते.

---

दीडहात

दोऱ्याचं आणि सुईचं लिहितो. हा भाग फार कमी ठिकाणी सविस्तर मिळतो.

बोट म्हणजे पाऊण इंच, चोवीस बोटांचा हात. ओळीत एक बोट अंतर ठेवलं तर ४५ बाय ८४ च्या गोधडीत सगळ्या ओळी मिळून ५,०४० इंच भरतात, म्हणजे १२८ मीटर. दोरा थरांतून वर-खाली जातो, गाठींना जातो, त्यामुळे दीडशे मीटर धरावा. दुहेरी दोऱ्याने शिवायचं तर तीनशे. अर्धा इंच अंतर घेतलं तर ओळी १९२ मीटर आणि दुहेरी दोरा साडेचारशेच्या आसपास.

सुईत दोरा दीड हातापेक्षा लांब घेऊ नये. लांब घेतला की प्रत्येक टाक्याला तो चार थरांतून घासत जातो, पिंजतो, गुंततो आणि ऐन ओळीत तुटतो. दुहेरीला तीन हात कापून दुमडायचा. याचा अर्थ एका गोधडीला सुई सव्वादोनशे वेळा ओवावी लागते. म्हणून जाणत्या बाया सकाळच्या उजेडात दहा-बारा सुया एकदम ओवून उशीला टोचून ठेवतात. दुपारी हात थांबत नाही, डोळेही शिणत नाहीत. दोरा मेणाच्या खड्यावरून एकदा ओढला तर गुंता निम्म्याने कमी होतो.

दोरा सुतीच हवा. पॉलिस्टरचा दोरा कापडापेक्षा कणखर असतो, ताण आला की तो तुटत नाही आणि विरलेलं कापड कापत जातो. दोरा तुटला तर पुन्हा घालता येतो, कापड कापलं गेलं तर काय करणार?

सुई दोन इंचांची, सरळ, नाकं मोठं पण अंग बारीक. सहा-सात थरांच्या जाड वाकळेला दाभण लागतं असं लोक म्हणतात. माझं मत वेगळं आहे, दाभणाचं भोक जुन्या कापडात भरून येत नाही. जाड वाकळेला टाका एकेक करून उभी सुई घालावी, वेळ लागला तरी चालेल. मधल्या बोटात अंगुस्तान घालावं. नाहीतर चौथ्या-पाचव्या दिवशी बोटाला घट्टा पडून सुई ढकलवत नाही.

टाका तांदळाएवढा, मधली जागाही तेवढीच. खालचा हात गोधडीखाली असतो. सुईचं टोक खालच्या बोटाला जाणवलं की लगेच वर वळवायचं. बोटाला टोक लागलंच नाही तर समजावं की खालचा थर सुटला. ही चूक वरून दिसत नाही, गोधडी उलटल्यावर कळते. दर दोन-तीन ओळींनी उलटून पाहावं. शेजारच्या ओळीतला टाका आधीच्या ओळीतल्या मोकळ्या जागेसमोर आला की थर सगळीकडून सारखे धरले जातात आणि गोधडीवर ती बारीक लाट उठते. ती लाट दिसायला सुंदर असतेच, शिवाय तिच्या दोन उंचवट्यांमध्ये हवा राहते आणि ऊब तिचीच असते.

---

सुईनवी

इतकं नेमकं कुठेच वाचलं नव्हतं. एक अडचण विचारते. काठापासून आत आत चौकटीत शिवत आले की शेवटी मधोमध कापडाचा फुगा राहतो. वरचा थर जास्तीचा होतो. कुठे चुकतं?

---

काठपदर

सुईनवी, चूक शिवण्यापेक्षा अंथरण्यात जास्त आहे.

जमीन आधी कोरडी झाडून घ्यायची. अस्तर उलटं अंथरायचं आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. वरवंटा, पितळी डबा, जे जड असेल ते. मधून काठाकडे तळहाताने निपटत जायचं. पुढचा थर, पुन्हा निपटणं. प्रत्येक थराला हे करायचंच. सगळे थर एकदम टाकून वरून हात फिरवला तर आतल्या चुण्या तशाच राहतात.

मग कच्चे टाके. हे मधून सुरू करायचे, आडवे-उभे, वीतभर अंतरावर. एक टाका चार बोटांचा चालेल, शेवटी ते उसवायचेच आहेत. दोरा वेगळ्या रंगाचा घ्यावा म्हणजे उसवताना शोधत बसावं लागत नाही. कच्चे टाके घातल्यावरच वजनं उचलायची. हा अर्धा दिवस वाचवायला जाणाऱ्यांच्याच गोधडीत फुगा येतो. पक्का धावदोरा काठाकडून आत येतो आणि मोकळं कापड पुढे ढकलत नेतो. कच्च्या टाक्यांनी ते अडवलं नाही तर सगळं मध्ये जमा होणार.

दुसरं कारण दोऱ्याची ओढ. ओळ संपवताना दोरा खेचून गाठ मारली की काठ आवळतो. हातभर शिवलं की ओळ अंगठ्याने चोळून दोरा सैल करायचा, मग पुढे जायचं.

फुगा आलाच असेल तर शेवटच्या चार-पाच चौकटी उसवा, मधला भाग पाण्याचा हात लावून निपटा, पुन्हा कच्चे टाके घालून शिवा. दोन बोटांपेक्षा लहान फुगा असेल तर एक सरळ चुणी घालून तिच्यावर चौकोनी ठिगळ लावता येतं. बऱ्याच जुन्या गोधड्यांच्या मधोमध चौकोन दिसतो, त्याचं हेही एक कारण आहे.

कोपऱ्याचंही लक्षात ठेवा. वळताना एक टाका बरोबर कोनावर पडला पाहिजे. दोन टाक्यांच्या मध्ये कोन आला तर धुतल्यावर कोपरे कानासारखे उभे राहतात.

---

सरळरेघ

चौकटीपेक्षा सरळ उभ्या ओळी सोप्या नाहीत का? एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे जायचं, फुग्याचा प्रश्नच नाही.

---

दीडहात

सरळ ओळींत फुगा येत नाही हे खरं, पण दोन अडचणी येतात. एक, गोधडी एकाच दिशेने आखडते, लांबीत चार बोटं कमी आणि रुंदीत काहीच नाही, त्यामुळे ती बेढब दिसते. दुसरी धुण्याच्या वेळी कळते. ओली गोधडी ओळींना समांतर लोंबली की थर ओळींमधून घसरतात. चौकटीत आडव्या-उभ्या दोन्ही ओळी असल्याने ते होत नाही. शिवाय चौकटीने शिवताना मांडीवर फक्त काठ असतो, बाकी गोधडी जमिनीवर सपाट राहते. सरळ ओळीत पुढे गेलं की शिवलेला सगळा भार मांडीवर येतो.

---

हुबळीकर

सीमेवरची माहिती देतो. दक्षिण महाराष्ट्रात वाकळ म्हणतात, कन्नड मुलखात कौदी. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बाया शिवतात तिला कवंडी म्हणतात. आफ्रिकी वंशाचा हा समाज कित्येक पिढ्या तिथे आहे. त्यांची रीत आपल्याला ओळखीची वाटेल, सुरुवात कोपऱ्यातून आणि चौकटीने आत. फरक ठिगळांचा. आपल्याकडे बहुधा अख्खं लुगडं वरच्या थराला असतं आणि ठिगळ गरजेपुरतं. कवंडीत वरचा सगळा थरच ठिगळांचा असतो. शिवत जाता जाता एकेक तुकडा काठ दुमडून बसवला जातो, आधी जोडून घेतलेला नसतो. त्यामुळे फुगा येण्याआधीच पुढचा तुकडा ताणून बसवता येतो. चार कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, त्यांच्याशिवाय कवंडी पुरी झाली असं मानत नाहीत.

---

पाळणाघडी

बाळाच्या दुपट्याबद्दल लिहिते, कारण तिथे नियम वेगळे आहेत.

माप एक वार बाय एक वार, थर दोन, थंडीत फार तर तीन. कापड घरातलं सगळ्यात मऊ, म्हणजे विरायला लागलेलं पण जाळी न पडलेलं. सहावारीचा निऱ्यांच्या वरचा, पोटावरचा भाग चांगला. जरीचा काठ, टिकल्या, मणी काही नको. गाठ वर किंवा खाली कुठेच दिसू नये. दोरा दोन थरांच्या मध्ये गाठून, सुई आतून बोटभर फिरवून बाहेर काढावी. लहान बाळाच्या अंगाला टोचते ती गाठच. टाकेही जवळ हवेत, लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं.

बाळाच्या कपड्यांत आणि दुपट्यांत डांबरगोळ्या अजिबात ठेवू नयेत. काही बाळांना त्या वासाने रक्ताचा गंभीर त्रास होतो, कावीळ होते. कडक ऊन आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला पुरे. आणि जड गोधडी तान्ह्या बाळाच्या अंगावर घालायची नसते, ती मोठ्यांसाठी.

---

सुईनवी

सिंथेटिक साड्या घरात ढिगाने आहेत. त्या वापरल्या तर?

---

वैशाखऊन

नको. घाम शोषला जात नाही, थर एकमेकांवरून सरकतात, कच्चे टाके घातले तरी धरत नाहीत. मुख्य म्हणजे चूल, शेकोटी, उदबत्ती यांची ठिणगी पडली तर सुती कापड जळतं, हे वितळून कातडीला चिकटतं. बोहारणीला द्या आणि भांडं घ्या.

---

दीडहात

मशीनवर शिवणाऱ्यांसाठी थोडंसं. चार थरांपर्यंत घरचं मशीन ओढतं. सुई १८ नंबरची, टाका सगळ्यात लांब, दाब सैल. दाबपट्टी वरचा थर पुढे ढकलते, म्हणून कच्चे टाके वीतभर न ठेवता चार-पाच बोटांवर आणि शिवण मधून काठाकडे, म्हणजे हाताच्या रीतीच्या उलट. झटपट होते, पण कापड आवळलं जातं, हाताच्या गोधडीचा मऊपणा येत नाही.

---

काठपदर

मजुरीवर बोलल्याशिवाय धागा पुरा होणार नाही. गोधड्या शिवून देणाऱ्या बाया गावोगावी आहेत आणि त्यांच्याशी भाव करताना पहिलं वाक्य असतं, "साड्या तर आमच्याच आहेत."

मग फक्त हाताचं मोजू. १२८ मीटर म्हणजे २८० हात. सवयीच्या हाताला सुई ओवणं, दोरा चोळणं, उलटून पाहणं धरून एका हाताला तीन मिनिटं लागतात. चौदा तास झाले. धुणं, कापणं, अंथरणं आणि कच्चे टाके पाच तास. गोट तीन तास. एका साध्या एकेरी गोधडीला बावीस तास. तांदळाएवढे दहा हजारांवर टाके त्यात असतात. घरकाम सांभाळून रोजचे अडीच तास मिळाले तर नऊ दिवस. अर्धा इंच अंतराची मागितली तर नुसतं शिवणंच एकवीस तासांवर जातं.

दुहेरीला लोक थोडे पैसे वाढवून देतात. ८८ बाय ८१ चं क्षेत्र ४५ बाय ८४ च्या जवळजवळ दुप्पट आहे, काम दुप्पट आणि जमिनीवरून हलवायचं वजनही दुप्पट. शिवणाऱ्या ताईंनी भाव सांगताना तीन गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात : क्षेत्र किती, थर किती, ओळीत अंतर किती. आणि द्यायचे ते तासाच्या हिशेबाने द्यावेत, हे मी अगदी कळकळीने सांगते.

पाठीचंही काम असतं यात. भिंतीला टेकून, एक पाय दुमडून एक पसरून बसावं, तासाने पाय बदलावा. उजव्या हाताने शिवणारीला उजेड डाव्या बाजूने हवा, नाहीतर हाताची सावली टाक्यावर पडते. कंदिलाच्या उजेडात गडद कापडावर गडद दोरा घालू नये, ती ओळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी.

---

वैशाखऊन

शेवटचं धुण्याचं. घट बसण्याआधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायची रीत आहे. पावसाळ्याची ओल त्यांनी चार महिने पोटात घेतलेली असते. दोन साड्यांची गोधडी कोरडी किलोभर, ओली झाली की कितीतरी जड होते. पिळायला दोघी लागतात, दोन टोकांना धरून उलट दिशांना, आणि अर्ध्यातच थांबायचं. करकचून पिळलं की दोरे तुटतात. बाकी पाणी निथळू द्यायचं.

वाळत घालताना एका दोरीवर टाकू नका. सगळं वजन एकाच रेषेवर येतं आणि तिथले टाके ताणतात. हातभर अंतरावर दोन दोऱ्या बांधून दोन्हींवर पसरा, दुपारी उलटा. वरून कोरडी लागली तरी मधोमध तळहाताची मागची बाजू दाबून बघा. गार लागली तर आत ओल आहे. तशीच घडी घातली तर आठवड्यात बुरशीचे काळे ठिपके येतात, आणि ते आतल्या थरापर्यंत जातात.

---

सुईनवी

आणि फाटली तर? अख्खी उसवायची?

---

काठपदर

नाही. फाटीपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटं मोठं ठिगळ घ्या, जुन्याच कापडाचं. कोरं ठिगळ धुतल्यावर आटतं आणि भोवतालचं विरलेलं कापड फाडतं. काठ आत दुमडून आधी कडेने बारीक टाके घाला. मग जुन्या ओळी जिथे तुटल्या असतील तिथून त्याच ओळीत धावदोरा ठिगळावरून पुढे न्या, म्हणजे थर पुन्हा बांधले जातात. वरचा सगळाच थर गेला असेल तर उसवू नका, दोन्ही बाजूंनी एकेक धडका थर चढवा आणि नव्याने शिवा. जुनी गोधडी आत राहू द्या, तिच्यासारखी ऊब नव्या थरांना नसते. फक्त ओळींमधलं अंतर आता दीड बोट ठेवा, नाहीतर ती लाकडासारखी ताठ होईल.